इंग्रजीच्या चुकांमागचे मराठी व्याकरण

मराठी ही ज्यांची पहिली भाषा आहे त्यांच्या इंग्रजीतील चुका वरवर पाहता विखुरलेल्या आणि निष्काळजीपणाने झालेल्या वाटल्या, तरी त्या शेजारीशेजारी मांडून पाहिल्या की त्यांतील बहुतेकींना एक ठरलेले वळण असल्याचे दिसते, आणि ते वळण मराठीच्याच व्याकरणाचे असते. ‘मी परीक्षा दिली’ हे सांगण्यासाठी विद्यार्थी ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतो, कारण मराठीत परीक्षा विद्यार्थी देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीचा व्यवहार याच्या नेमका उलट असल्यामुळे तेथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. या विद्यार्थ्याला इंग्रजी येत नाही असे म्हणणे अपुरे आहे. त्याला मराठी पक्की येते आणि ती त्याने इंग्रजी शब्दांत जशीच्या तशी उतरवली आहे, हे त्या चुकीचे अधिक खरे वर्णन ठरेल.

मानखुर्दसारख्या उपनगरात या प्रश्नाचा संबंध थेट पोटापाण्याशी येतो. हार्बर मार्गावर खाडी ओलांडण्यापूर्वीचे हे मुंबईतील शेवटचे स्थानक, आणि १९९२ मध्ये लोकलगाडी पुलावरून वाशीपर्यंत धावू लागल्यापासून पलीकडील नवी मुंबईची कार्यालये, मॉल आणि कॉल सेंटरे येथील तरुणांच्या आवाक्यात आली. तेथील मुलाखत मात्र अनेकदा इंग्रजीतून स्वतःची ओळख करून देण्यापासूनच सुरू होते. परिसराची रचनाही बोलकी आहे. एका बाजूला अणुशक्तीनगर, भाभा अणु संशोधन केंद्र आणि देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, जेथे इंग्रजी ही रोजच्या कामाची भाषा आहे, आणि दुसऱ्या बाजूला लल्लूभाई कंपाउंडची पुनर्वसन वसाहत, महाराष्ट्रनगर, मंडाळा या वस्त्या, जेथे मुलांच्या कानांवर मराठी, हिंदी, उर्दू आणि तमिळ दिवसभर पडतात, पण इंग्रजी प्रामुख्याने फळ्यावर आणि मोबाइलच्या पडद्यावर भेटते. मानखुर्द ज्या एम पूर्व विभागात मोडते, तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत तळाशी होता. राज्यात २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले आणि पुढे सेमी इंग्रजीचे, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे, वर्गही वाढले. परंतु जी भाषा कानाने फारशी ऐकलेली नसते ती बोलताना मधल्या मोकळ्या जागा मातृभाषा भरून काढते, आणि यात त्या मुलांचा काहीही दोष नाही.

मुलाखतीत हमखास येणारे एक वाक्य जवळून पाहण्यासारखे आहे: ‘आय ॲम लिव्हिंग इन मानखुर्द सिन्स टेन इयर्स’. त्यामागचे मराठी वाक्य आहे ‘मी दहा वर्षांपासून मानखुर्दला राहतो आहे’, आणि ते निर्दोष आहे. पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली क्रिया मराठी साध्या किंवा अपूर्ण वर्तमानकाळात सहज सांगते, म्हणून ‘राहतो आहे’चे ‘ॲम लिव्हिंग’ झाले. इंग्रजीला मात्र ती क्रिया भूतकाळातून आजपर्यंत आल्याची खूण क्रियापदातच हवी असते, आणि त्यासाठी शालेय व्याकरणात ज्याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात ते ‘हॅव बीन लिव्हिंग’ हे रूप वापरावे लागते. दुसरी अडचण ‘पासून’ या शब्दयोगी अव्ययाची, म्हणजे नामाला जोडून येऊन त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवणाऱ्या शब्दाची. ‘२०१५ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ ही दोन्ही कामे मराठीत तो एकच शब्द करतो, तर इंग्रजीने ती वाटून दिली आहेत: आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. ज्याचे उत्तर कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येते तेथे ‘सिन्स’ आणि जे मोजावे लागते तेथे ‘फॉर’, एवढी खूणगाठ बांधली तर ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन मानखुर्द फॉर टेन इयर्स’ हे वाक्य पुन्हा चुकण्याचे कारण उरत नाही.

वर्तमानकाळाचीच दुसरी चूक ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ किंवा ‘आय ॲम नोइंग हिम’ अशा वाक्यांत दिसते. असणे, माहीत असणे, आवडणे, हवे असणे ही इंग्रजीत स्थिती दाखवणारी क्रियापदे मानली जातात आणि ती सहसा ‘इंग’ लावून चालवत नाहीत. मराठीत मात्र ‘मला माहीत आहे’, ‘मला हवे आहे’, ‘मला भाऊ आहेत’ अशा प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आहे’ उभे असते आणि तेच इंग्रजीत ‘ॲम’ होऊन शिरते. अर्थात ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे वाक्य बरोबर आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे असा नसून जेवणे असा आहे आणि जेवणे ही क्रिया आहे; नियम शब्दाच्या रूपाला चिकटलेला नसून अर्थाला चिकटलेला असतो, हे या जोडीवरून चांगले कळते. भारतीय इंग्रजीतील हा अपूर्ण वर्तमानकाळ इतका परिचित आहे, की मुंबईच्या बेने इस्रायली कुटुंबात जन्मलेले इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी आपल्या काही कवितांची भाषाच त्यावर उभी केली.

या चुकांकडे पाहण्याची दृष्टी गेल्या शतकात बरीच बदलली. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ मध्ये भारतीयांच्या लेखी इंग्रजीतील वाक्प्रयोगाच्या चुकांची चिकित्सा करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा चूक ही दाखवून सुधारायची गोष्ट होती. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९५७ मध्ये, भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’ याच नावाने मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवर शास्त्रीय निबंध लिहिला आणि मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतून त्या उच्चारांचा उलगडा केला. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट लॅडो यांनी दोन भाषांची व्याकरणे समोरासमोर ठेवली तर शिकणारा कोठे अडेल याचा आधीच अंदाज घेता येतो, असा विचार मांडला. पुढे १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्याची चूक ही तो भाषा कशी रचतो आहे याचा पुरावा असते असे प्रतिपादन केले, तर १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या नियमबद्ध बोलीला स्वतंत्र नावच दिले. मराठीत तिला अंतरभाषा म्हणता येईल. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेने दोन भाषा शेजारी ठेवण्याचे हे काम आपल्या पद्धतीने आधीच केले होते, आणि भाषांतराची पद्धत जुनाट म्हणून वर्गाबाहेर घालवताना ही तुलनाही हातची गेली, हे नुकसान लहान नाही.

शब्दयोगी अव्यये आणि विभक्तीचे प्रत्यय यांतून येणाऱ्या चुका तर मोजाव्या तितक्या थोड्या. ‘तो माझ्यावर रागावला’ यातील ‘वर’ हा ‘ऑन’ होतो आणि ‘ही इज अँग्री ऑन मी’ असे वाक्य तयार होते, जेथे इंग्रजीला ‘विथ’ हवे असते. ‘त्याला विचार’ यातील ‘ला’मुळे ‘आस्क टू हिम’ येते, जेथे इंग्रजीला मधला शब्दच नको असतो. ‘विषयाबद्दल चर्चा’ यातून ‘डिस्कस अबाउट’ जन्मते, आणि ‘त्याच्याशी लग्न झाले’ यातून ‘मॅरिड विथ’, जे ‘मॅरिड टू’ असायला हवे. ‘काल रात्री’ आणि ‘आज सकाळी’ यांची ‘येस्टरडे नाइट’ व ‘टुडे मॉर्निंग’ ही रूपेही अशीच सरळ उचललेली आहेत; रूढ प्रयोग ‘लास्ट नाइट’ आणि ‘धिस मॉर्निंग’ असे आहेत. ‘तो आला नाही’ या वाक्यात नकार जोडल्यावरही ‘आला’ हे भूतकाळी रूप कायम राहते, म्हणून ‘ही डिडन्ट केम’ म्हटले जाते, परंतु इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने एकदा उचलले की मूळ क्रियापद ‘कम’ असेच राहते.

वचनाच्या बाबतीत एक चूक अशी आहे, की तिच्यामागे मराठीचा संस्कार आहे. वडील, शिक्षक, सासरे यांच्याविषयी बोलताना मराठी माणूस आदरार्थी बहुवचन वापरतो, ‘माझे वडील बंदरात काम करतात’ असे म्हणतो, आणि ‘करतात’ हे बहुवचन मनात ठेवूनच ‘माय फादर वर्क इन द पोर्ट’ म्हणतो. इंग्रजी व्याकरण वडिलांना एकच व्यक्ती मानते आणि ‘वर्क्स’ मागते. त्यात नामाला ‘स’ लागला की अनेकवचन आणि वर्तमानकाळी क्रियापदाला लागला की एकवचन, ही उलटसुलट व्यवस्था नवख्याला गोंधळात टाकते. केसांचेही तसेच: मराठीत ‘केस पिकले’ हे बहुवचन आहे, म्हणून ‘हेअर्स’ येते, पण डोक्यावरच्या केसांना इंग्रजी एकगठ्ठा पदार्थासारखे ‘हेअर’ म्हणते.

उपपदे, म्हणजे नामाआधी येणारे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ हे छोटे शब्द, मराठीत नाहीत आणि म्हणून ती मराठी माणसाला कधीच नीट जमत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. मात्र उपपदे जो भेद दाखवतात तो मराठीला अनोळखी नाही. ‘एक माणूस आला होता’ आणि ‘तो माणूस आला होता’ यांतील फरक, किंवा ‘लग्नासाठी मुलगी पाहिली’ आणि ‘त्याने मुलीला पाहिले’ यांतील फरक मराठी लहान मूलही जाणते. दुसऱ्या वाक्यातील मुलगी कोण हे सहसा आधीच ठाऊक असते, आणि ती ओळख ‘ला’ या प्रत्ययाने सूचित होते. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला ‘द’ आणि पहिल्यांदा पुढे येणाऱ्या एखाद्या गोष्टीला ‘अ’, हे सूत्र या मराठी जोड्यांवरून शिकवले तर पाठांतराची गरज बरीच कमी होईल.

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नात तर देवनागरी लिपी मराठी विद्यार्थ्याला असा फायदा देते, जो रोमन लिपीवर विसंबणाऱ्याला मिळत नाही. इंग्रजीचा नियम अक्षरावर नसून उच्चारावर आहे, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. म्हणून शब्द देवनागरीत लिहावा आणि पहिले अक्षर स्वर आहे का ते पाहावे. ‘युनिव्हर्सिटी’ रोमन लिपीत स्वराने सुरू होत असली तरी देवनागरीत ती ‘य’ने सुरू होते, तेव्हा ‘अ युनिव्हर्सिटी’; ‘वन-वे रोड’ ‘व’ने सुरू होतो, तेव्हा ‘अ वन-वे रोड’; उलट ‘अवर’, ‘ऑनेस्ट मॅन’, ‘एमएलए’ आणि ‘एफआयआर’ ही सारी स्वराने सुरू होतात, तेव्हा त्यांच्याआधी ‘ॲन’.

प्रत्येक वेगळा प्रयोग चूक नसतो, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. चुलत, मामे, आते आणि मावस अशी नाती ज्याच्या भाषेत वेगळी आहेत त्याला नुसते ‘कझिन’ अपुरे वाटणे आणि त्याने ‘कझिन ब्रदर’ म्हणणे स्वाभाविक आहे. ‘प्रीपोन’ हा भारतीयांनी रुळवलेला शब्द तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आला आहे. वाक्यातला जोर ‘च’ने दाखवण्याची सवय ‘आय टोल्ड यू येस्टरडे ओन्ली’ अशी प्रकटते, आणि ती देशभर समजली जाते. अशा प्रयोगांवरून कोणाला नोकरी नाकारणे अन्यायाचे आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही रोज चुकतात, फक्त त्यांच्या चुका वेगळ्या असतात: त्यांनी भाषा आधी कानाने घेतलेली असल्यामुळे ‘इट्स’ या एकाच उच्चाराची अपॉस्ट्रॉफीच्या चिन्हासह आणि त्याविना लिहायची दोन रूपे त्यांच्याकडून सर्रास एकमेकांच्या जागी पडतात.

मात्र अर्थच बदलून टाकणाऱ्या चुका वेगळ्या काढून आधी सुधारायला हव्यात. ‘टू गुड’ याचा मराठी बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ ‘फारच छान’ असतो, तर ‘टू’ने इंग्रजीत गरजेपेक्षा जास्त असा भाव सूचित होतो, आणि ‘द सॅलरी इज टू गुड’ हे कौतुक शंकेसारखे ऐकू येऊ शकते. याहून गंभीर प्रश्न हो-नाहीचा आहे. ‘तुम्ही पैसे भरले नाहीत ना?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो, नाही भरले’ असे उत्तर देतो, कारण त्याचे ‘हो’ विचारणाऱ्याच्या विधानाला दुजोरा देते. इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ हे प्रश्नातील नकाराकडे न पाहता घडलेल्या गोष्टीकडे पाहून ठरते, म्हणून तेथे ‘नो, आय हॅवन्ट’ असे उत्तर अपेक्षित असते आणि नुसते ‘येस’ म्हटल्यास पैसे भरले असा समज होऊ शकतो. दवाखान्यात औषधाच्या ॲलर्जीविषयी किंवा फोनवर बँकेच्या व्यवहाराविषयी असा नकारार्थी प्रश्न इंग्रजीत आला, तर एका शब्दावर न थांबता ‘आय हॅव’ किंवा ‘आय हॅव नॉट’ असे पुढचे शब्द उच्चारावेत. आणि विचारणारा मराठी जाणत असेल तर त्याने ‘नाहीत ना’ गाळून ‘तुम्ही पैसे भरलेत का?’ असा सरळ प्रश्न करावा, म्हणजे दोन्ही भाषांतील उत्तर एकच येते.