घशातील खुपणे आणि घरगुती उपचारांची मुदत

'घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, मानही अवघडली आहे, घरचे उपाय करून पाहिले.' ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातून बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांची तक्रार एवढ्याच शब्दांत असते. घरच्या उपायांना आमचा विरोध नाही. बहुतेक वेळा ते पुरेसे ठरतात. प्रश्न आहे तो ते कधी थांबवावयाचे हा. त्याचा संबंध रुग्णांच्या आप्तांइतकाच देणगीदार व विश्वस्त यांच्याशीही असल्याने तो या अहवालात मांडीत आहोत.

सर्दी-पडशाने धरलेला घसा सामान्यतः आठवडाभरात आपोआप सुटतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी किंवा हळद घातलेले दूध यांनी आराम पडतो. बरे करण्याचे काम शरीरच करीत असते. मात्र मागच्या आजारातील उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेणे यास घरगुती उपाय म्हणता येणार नाही.

आपल्या भागातील दिनक्रमाचाही यात वाटा आहे. उशिराच्या लोकलने घरी पोहोचावयाचे, साडेदहाला जेवावयाचे आणि अकराला अंथरुणास पाठ टेकावयाची. अशाने जठरातील आम्ल घशापर्यंत येते. छातीत जळजळ न होताही घसा सारखा खाकरावा लागतो आणि सकाळी आवाज जड होतो. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे व पलंगाची उशाकडील बाजू थोडी उंच करणे, हा उपाय बिनखर्चाचा आहे. गर्दीच्या डब्यात खांद्यावर पिशवी घेऊन तासभर मोबाइलवर मान वाकविल्याने आखडलेली मान शेक व हलक्या हालचालीने बहुधा सैल होते. केशकर्तनालयात मान 'मोडून' घेण्याची हौस मात्र सोडावी. अशा झटक्याने रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.

काहींना आवंढा गिळताना गोळा जाणवतो, पण जेवताना तो नाहीसा होतो. हा प्रकार बहुधा घातक नसतो आणि काळजीने वाढतो. घासच अडकू लागणे ही गोष्ट वेगळी. येथे कुटुंबाची माया कधी कधी आड येते. भाकरी जात नाही म्हणून ती दुधात कुस्करून दिली जाते, पुढे मऊ भात, मग पेज. प्रत्येक पायरीवर रुग्णाची सोय होते आणि आजार झाकला जातो. घरातील वडीलधाऱ्यांचे जेवण असे पातळ होत चालले असेल, तर पुढील पायरीची वाट पाहू नये.

आवाज बसणे, तोंडातील न भरणारा व्रण, मानेवरील गाठ, एकाच बाजूस टिकून राहिलेली घशाची वा कानाची वेदना यांना आम्ही तीन आठवड्यांची मुदत सांगतो. हुंडीला जशी मुदतीची तारीख असते, तशी तक्रार सुरू झाल्याची तारीख भिंतीवरील कालनिर्णयवर लिहून ठेवावी. मुदत संपताच तपासणी व्हावी. थुंकीतून रक्त येत असल्यास वा वजन घटत असल्यास ही मुदतही देऊ नये. गाठ चोळू नये, तिच्यावर डाग देऊ नये. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. जुनी माणसे जिला गंडमाळ म्हणत, ती अनेकदा क्षयाची असते. सरकारी कार्यक्रमात तिचे औषध विनामूल्य मिळते आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही दिले जातात.

तंबाखू खाणाऱ्यांना धोका ठाऊक असतो. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया मात्र तिला तंबाखूत धरीतच नाहीत, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये मुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सार्वजनिक जीवनात आहेत. निदानाच्या भीतीने घरी बसणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

श्वास लागणे, लाळही न गिळता येणे, ताप येऊन मान ताठ होणे, किंवा मार लागल्यावर हातापायांत बधिरता येणे, अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रेल्वेचा पूल चढताना गळा आवळल्यासारखा होत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर दुखणे घशाचे नसून हृदयाचे असू शकते. त्याच दिवशी तपासणी व्हावी.

आता खर्चाविषयी. लवकर आलेल्या रुग्णाचे काम पुष्कळदा एका तपासणीवर व साध्या औषधावर भागते. उशिरा आलेल्यास तुकडा-तपासणी, स्कॅन, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि परळच्या फेऱ्या चुकत नाहीत. घरातील कमावत्या माणसाची रजा तर कोणत्याच देयकात दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठीच्या निर्धन रुग्ण निधीत इतर रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम जमा होते. देणगीदारांच्या साहाय्याची जोड मिळूनही हा निधी मर्यादितच राहतो, आणि उशिरा आलेला एक रुग्ण त्यातील मोठा भाग घेऊन जातो.

पैशांची अडचण असल्यास केसपेपर काढण्यापूर्वीच वैद्यकीय समाजसेवकांस भेटावे. शिधापत्रिका अथवा उत्पन्नाचा दाखला, जुने कागद आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. कालनिर्णयवरील ती तारीखही सांगावी.