कोपरा कापलेली स्ट्रिप

गेल्या सेमिस्टरला, सबमिशनच्या ऐन धावपळीत, एक मैत्रीण रात्री माझ्या खोलीवर आली. दार लावलं आणि ओढणीत गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रिप पुढे केली. एक गोळी वेगळी, चार सारख्या. खोकं नाही, बिल नाही, आणि बॅच नंबर छापलेला असतो तो कोपरा कात्रीने कापलेला. ओळखीच्या ओळखीतून दोन हजाराला मिळाली होती. "घेऊ का गं?" मला उत्तर येत नव्हतं. ते शोधताना जे कळलं ते लिहितेय. (तिला विचारून लिहितेय. नाव विचारू नका.)

आधी होस्टेलवरचा नेहमीचा गोंधळ. बहात्तर तासांत घ्यायची गोळी वेगळी. ती गर्भ राहू नये म्हणून असते आणि चिठ्ठीशिवाय मिळते. ही स्ट्रिप गर्भपाताची: २०० मिलीग्रॅम मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि २०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलच्या चार. भारतात या एकत्र किटला २००८ साली मान्यता मिळाली, तीही नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी. हे औषध 'शेड्यूल एच'मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विकणाऱ्याकडे परवानाच नसेल, तर १९४० च्या औषध कायद्याखाली किमान तीन वर्षं कैद.

आता तो कोपरा. औषध निरीक्षक बिल आणि बॅच नंबर धरून दुकानदार, घाऊक विक्रेता, कंपनी असा मागे मागे जातो. कोपरा कापला की धागाच तुटला. विकणारा अडाणी नव्हता, हे नक्की.

मग दुकानातून का नाही आणायचं? मी पार्ल्यात, स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मिळून, सहा केमिस्टना विचारलं. सगळीकडे एकच उत्तर: "ठेवतच नाही." एक काका जरा मोकळे होते. म्हणाले, "एक किट विकायचं आणि दहा वेळा रजिस्टर दाखवायचं, सांगितलंय कोणी?"

याचं मूळ २०१२ मध्ये आहे. त्या वर्षी मे महिन्यात परळीला डॉ. मुंडे दांपत्याच्या रुग्णालयात गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला आणि स्त्रीभ्रूणहत्येवरून राज्य हादरलं. महेश झगडे तेव्हा अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. त्यांच्या काळात या किटच्या विक्रीवर राज्यभर धाडी पडल्या, आणि केमिस्टनी माल ठेवणंच सोडलं. संताप खरा होता, पण गणित बघा. सोनोग्राफीत गर्भाचं लिंग बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या आधी खात्रीने कळत नाही, आणि किटची मर्यादा नऊ आठवडे. लिंग कळल्यावर उशिरा याच गोळ्या देणारे महाभाग असतात, त्यांना पकडायलाच हवं. पण ते चिठ्ठी आणि बिलाच्या वाटेने येतात कशाला? धाक बसला तो रजिस्टर ठेवणाऱ्यांना. कोपरा कापणाऱ्यांना गिऱ्हाईक आयतं मिळालं.

प्रशासनालाही हे दिसत असणार. २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीकडून हे किट मागवून पाहिलं. चिठ्ठी न देता ते घरपोच आलं. वांद्र्याच्या खेरवाडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला.

गंमत म्हणजे सरळ मार्ग आपल्याला वाटतो तेवढा अवघड नाही. कायदा १९७१ चा, मोठी दुरुस्ती २०२१ ची. अठरा पूर्ण असतील तर फक्त तिची सही लागते; आईवडिलांची नाही, कुणाचीच नाही. दुरुस्तीने 'नवरा' हा शब्द काढून 'जोडीदार' केला. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, फक्त तो कायद्याने पात्र हवा. गोळ्या देण्याआधी डॉक्टर दोन गोष्टी बघतात: आठवडे किती, आणि गर्भ पिशवीतच आहे ना. नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून आम्ही कूपरला गेलो, केसपेपर काढला. सोनोग्राफीत दहा आठवडे उलटलेले निघाले. तिच्या हिशेबात सात होते. नवऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. डॉक्टरबाईंनी स्ट्रिप ठेवून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि "कुणी दिली?" असं दोनदा विचारलं. ती खाली बघत राहिली.