खालचा ओझोन खरंच वाढतोय का? उपग्रहांच्या डेटातली जोडाजोडी

ओझोन म्हटलं की शाळेत शिकलेला तो संरक्षक थर आठवतो. तो खूप वर, स्थितांबरात असतो. पण थोडा ओझोन आपल्या आसपासच्या हवेत, म्हणजे तपांबरातही असतो. वाहनं, कारखाने आणि वणव्यांतून येणारे नायट्रोजन ऑक्साइड्स, कार्बन मोनॉक्साइड, शिवाय मिथेन यांच्यावर ऊन पडलं की तो तयार होतो. वरचा ओझोन आपल्याला वाचवतो, खालचा मात्र फुफ्फुसांना आणि पिकांना त्रास देतो. शिवाय तो हरितगृह वायूसुद्धा आहे.

उष्ण कटिबंधात ऊन भरपूर आणि प्रदूषणही वाढतंय. मग तिथला खालचा ओझोन वाढतोय का? प्रश्न साधा आहे, पण उत्तर काढणं अवघड.

पहिली अडचण: वरचा थर मध्ये येतो

उपग्रह वरून बघतो आणि हवेतला सुमारे 90 टक्के ओझोन वरच्या थरात असतो. मग खालचा वेगळा कसा काढायचा?

1998 मध्ये नासाचे जेरी झिम्के, एस. चंद्रा आणि पी. के. भारतीया यांनी एक झकास युक्ती मांडली. उष्ण कटिबंधात पावसाळी ढग खूप उंच चढतात. अशा ढगाखालचं उपग्रहाला जवळपास काहीच दिसत नाही, म्हणजे तिथे फक्त ढगावरचा ओझोन मोजला जातो. निरभ्र जागी मात्र जमिनीपर्यंतचा सगळा ओझोन मोजला जातो. दोन्हींची वजाबाकी केली की खालचा मिळतो. समजा निरभ्र जागी 260 डॉब्सन युनिट आणि ढगावर 230, तर खालचा ओझोन 30. उष्ण कटिबंधात वरचा ओझोन पूर्व-पश्चिम दिशेत फारसा बदलत नाही, म्हणून ही वजाबाकी चालते.

आणखी एक फायदा म्हणजे दोन्ही आकडे एकाच सेन्सरचे असतात. त्यामुळे सेन्सर सगळीकडे सारखाच जास्त दाखवत असेल, तर ती चूक वजाबाकीत कटते.

दुसरी अडचण: एकच उपग्रह पुरत नाही

ट्रेंड काढायला वीस-तीस वर्षांचा डेटा लागतो. उपग्रह तितका टिकेलच असं नाही. 1995 मध्ये गोम हे उपकरण अवकाशात गेलं, 2002 मध्ये स्कियामाची, 2004 मध्ये ओएमआय, 2006 पासून गोम-2 आणि 2017 मध्ये ट्रोपोमी. 2012 मध्ये स्कियामाची ज्या एन्व्हिसॅट उपग्रहावर होतं, त्याच्याशी संपर्कच तुटला.

प्रत्येकाची नजर वेगळी. गोमचा एक पिक्सेल 320 बाय 40 किलोमीटरचा, तर ट्रोपोमीचा आता सुमारे 5.5 बाय 3.5 किलोमीटरचा. मोठ्या पिक्सेलमध्ये ढग आणि मोकळं आकाश एकत्र येतं. काही उपग्रह सकाळी वरून जातात, काही दुपारी. सेन्सर म्हातारेही होतात. या चुका वजाबाकीत पूर्णपणे कटत नाहीत.

घरातला वजनकाटा बदलला आणि नव्यावर वजन एक किलो जास्त दिसलं, तर आपण लगेच जाड झालो असं म्हणत नाही. काही दिवस दोन्ही काट्यांवर उभं राहून फरक बघतो. शास्त्रज्ञही तेच करतात. दोन उपग्रह एकाच वेळी चालू असतात तो काळ घेतात, फरक काढतात आणि डेटा एका पातळीवर आणतात.

मग आकडा किती?

2016 मधल्या एका अभ्यासात स्कियामाचीला आधार धरून 1995 ते 2015 चा डेटा जोडला. उष्ण कटिबंधाची सरासरी वाढ निघाली दर दशकाला सुमारे 0.7 डॉब्सन युनिट. एक युनिट म्हणजे जमिनीजवळच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला 0.01 मिलिमीटर जाडीचा ओझोन. म्हणजे ही वाढ 0.007 मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी! इतक्या बारीक बदलात जोड थोडा चुकला तरी उत्तर बदलू शकतं. त्यात एल निनोच्या वर्षी ढग आणि पाऊस पॅसिफिकमध्ये सरकतात, ओझोनही हलतो. तो परिणामही वेगळा काढावा लागतो.

2018 मध्ये तपांबरातल्या ओझोनच्या जागतिक आढाव्यात तर पेच समोरच आला. ओएमआयच्या अतिनील डेटावरून ओझोन वाढताना दिसला, तर आयएएसआय या उपकरणाच्या अवरक्त डेटावरून कमी होताना. दोन्ही प्रकारची उपकरणं हवेच्या वेगवेगळ्या उंचीला कमी-जास्त संवेदनशील असतात, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

पडताळणी फुग्यांनी

म्हणून फुगे लागतात. ओझोनसाँड नावाचं छोटं यंत्र फुग्याला बांधून वर सोडतात, ते प्रत्येक उंचीवरचा ओझोन थेट मोजतं. उष्ण कटिबंधात 1998 पासून शाडोझ नावाचं जाळं हे काम करतंय. भारतीय हवामान विभागानेही पुण्यातून असे फुगे सोडले आहेत. फुगे मोजक्याच ठिकाणांहून उडतात, पण उपग्रहाचा काटा बरोबर आहे का, हे त्यांच्यावरूनच कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘उपग्रहाच्या डेटानुसार ओझोन वाढला’ अशी बातमी वाचलीत, तर तीन गोष्टी बघा: किती वर्षांचा डेटा आहे, किती उपग्रह जोडलेत आणि फुग्यांशी तुलना केलीय का. आकडा त्यानंतर वाचा.