व्हिडिओ कॉलवर चेहरा अंधारात का दिसतो?

"माझा कॅमेरा खराब झालाय, नवीन फोन घेऊ का?" हा प्रश्न हल्ली मला एजवेअरमध्ये ओळखीचे बरेच जण विचारतात, कारण निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे फोन घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: थांबा, आधी खुर्ची फिरवून बघा.

हा विषय मला जवळचा आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ताई ठाण्याला असते, वय ८४, आणि ऐकायला फार कमी येतं. ती माझं बोलणं निम्मं कानाने आणि निम्मं ओठांकडे बघून समजते. माझे ओठ तिला नीट दिसले नाहीत तर आमचं बोलणंच होत नाही, नुसतं "काय? काय?" चालतं. म्हणून पुढच्या कॅमेऱ्याचा मी जरा मनावर घेऊन अभ्यास केला.

दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा आधी सांगतो. मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले ठिपके, एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख. २०१० साली आलेल्या आयफोन ४ चा पुढचा कॅमेरा जेमतेम तीन लाख ठिपक्यांचा होता. आज १२ मेगापिक्सेल, म्हणजे एक कोटी वीस लाख, ही साधी गोष्ट झाली आहे. पण कॉलचं चित्र समोरच्याला जातं ते दाबून, लहान करून. ते १२८० बाय ७२० ठिपक्यांचं धरलं तर सुमारे सव्वानऊ लाखच ठिपके होतात. मग बाकीचे एक कोटी कशाला? सॅमसंगनेच गॅलेक्सी एस२२ अल्ट्राला पुढे ४० मेगापिक्सेलचा कॅमेरा दिला होता आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एस२३ अल्ट्राला १२ चा दिला. आकडा वाढला की चित्र सुधारतंच असं नाही, हे यावरून कळावं. सेल्फी काढून मोठी छापायची असेल तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण उजेडाची. पुढच्या कॅमेऱ्याला फोनच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जागा मिळते, त्यामुळे आतला उजेड पकडणारा भागही चिमुकला. साधा फोटो काढताना कॅमेरा थोडा जास्त वेळ थांबून उजेड गोळा करू शकतो. व्हिडिओत सेकंदाला साधारण ३० चित्रं निघतात, त्यामुळे एका चित्राला सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त वेळ मिळतच नाही. उजेड कमी पडला की फोन तो कृत्रिमपणे वाढवतो. त्याने चित्रात रवाळ दाणे येतात, आणि ते लपवायला फोन चेहरा गुळगुळीत करून टाकतो. सुरकुत्या जातात, काहींना बरंच वाटतं! पण ओठांच्या कडाही पुसल्या जातात आणि माझ्या ताईचं बोलणं तिथेच अडतं.

आता आपल्या एजवेअरच्या घरांचं बघा. १९२४ मध्ये नॉर्दर्न लाइन इथवर आली आणि तिच्यामागोमाग घरं उभी राहिली. त्यातल्या कित्येकांच्या पुढच्या खोलीला बाहेर आलेली मोठी बे विंडो असते. आपण काय करतो? सोफा खिडकीला पाठ करून लावतो. कॅमेरा खिडकीचा लख्ख उजेड बघून सगळं चित्र काळोखं करतो आणि चेहऱ्याची नुसती सावली उरते. तोंड खिडकीकडे करा, फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, हजार पौंडांचा फोन घेतल्याएवढा फरक पडेल. संध्याकाळी छतावरचा दिवा पुरत नाही, त्याने डोळ्यांखाली खड्डे पडतात. टेबलावरचा दिवा फोनच्या मागे ठेवून भिंतीकडे वळवा, भिंतीवरून परतलेला मऊ उजेड तोंडावर येतो.

फोन हातात धरू नका. हात हलला की पूर्ण चित्र हलतं, ते सगळं पुन्हा पाठवावं लागतं आणि नेट कमी असेल तर चेहऱ्याचे चौकोन होतात. चहाच्या डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, हातभर अंतरावर. फार जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, नाक खरंच कॅमेऱ्याच्या जास्त जवळ असतं! आणि काच पुसा. खोबरेल तेलाचं बोट लागलेल्या काचेतून कुठलाही कॅमेरा धुक्यातलंच दाखवणार. मऊ सुती कापड पुरे.

स्वतःचं चित्र आपल्याला आरशासारखं उलटं दिसतं, पण समोरच्याला सुलटंच जातं, तेव्हा पत्र किंवा पत्रिका दाखवताना घाबरू नका. औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं मात्र मागच्या कॅमेऱ्याने दाखवा. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोकस एकाच अंतरावर पक्का केलेला असतो, जवळ नेलेली वस्तू धूसरच राहते. आयफोनमध्ये पुढे ऑटोफोकस आला तो २०२२ च्या आयफोन १४ पासून. फोन घ्यायचाच असेल तर मेगापिक्सेलऐवजी हे विचारा, आणि दुकानातच, दिव्यापासून लांब उभं राहून, घरच्या कुणाला तरी कॉल लावून बघा.

शेवटी वेळेचं. शुक्रवारी शब्बाथ शालोम म्हणायला कॉल करायचा तर हिवाळ्यात आपण साडेपाच तास मागे असतो. डिसेंबरात ठाण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आपल्या साडेबाराला. इस्राएलमध्ये साडेचारनंतर लगेच, म्हणजे आपल्या अडीचच्या पुढे. आपल्याकडे चारच्या आतच. त्यामुळे मी ताईला सकाळी अकराला लावतो. तिकडे साडेचार वाजलेले असतात, दिवे लावायची तयारी व्हायची असते, आणि एजवेअरच्या खिडकीत दिवसातला सगळ्यात चांगला उजेडही तेव्हाच असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुढे गेली की फरक साडेचार तासांचा होतो, तेव्हा बाराला लावलात तरी चालेल.