रक्तातील चौथाई

मार्गशीर्षातील पौर्णिमेच्या सुमारास, दत्तजयंतीच्या निमित्ताने, नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि त्या यात्रेबरोबरच, मारवाडी व काठेवाडी वाणाच्या उमद्या जनावरांपासून भाड्याच्या टांग्याला जुंपायच्या तट्टांपर्यंत सर्व प्रकारचे घोडे जेथे विक्रीस उभे राहतात, असा एक जुना आणि नामांकित बाजारही तेथे भरतो. अबलख, नुकरा, कुमैत, पंचकल्याणी अशी रंगांची नावे तेथे कानी पडतात. कोणी भोवरे निरखतो, कोणी रवाल चाल पाहण्याचा हट्ट धरतो. या गर्दीत एका वयस्क सौदागराने एका देखण्या अबलखाची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून आतला रंग पाहिला आणि चकार शब्द न काढता लगाम मालकाच्या हाती परत दिला, हे मी एकदा पाहिले. कारण विचारता तो म्हणाला, "भाऊ, आत रगतच नाही. वरातीपुरतं बी टिकायचं नाही हे."

गुलाबी असावयाची ती कड खरोखरच पांढुरकी पडली होती. पापणी पांढरी पडण्यास कारणे पुष्कळ असतात, पोटातील जंत आणि निकृष्ट चारा ही त्यांतली नित्याची. परंतु पशुवैद्यांच्या दप्तरात जे कारण विशेष धास्तीने नोंदलेले असते, त्याचे नाव सर्रा. राहून राहून येणारा ताप, पायांवर व पोटाखाली उतरणारी सूज, खाऊनपिऊनही झडत जाणारे अंग आणि अखेरीस मागच्या पायांतील शक्ती जाणे, ही त्याची लक्षणे होत. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे सरकारी घोडे व उंट या रोगाने पटापट मरू लागले, तेव्हा लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ एव्हन्स याने त्यांच्या रक्तात एक वळवळणारा एकपेशीय जीव पाहिला आणि हाच रोगाचे मूळ असल्याचे कळविले. वरिष्ठांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात दुसरा एक एकपेशीय जीव दिसला, आणि त्याच्याही वाट्याला आरंभी अविश्वासच आला.

एव्हन्सचे नाव मिळालेला हा ट्रिपॅनोसोम लांबीने मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याएवढा असतो. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर प्रथम तो स्वतः दिसतच नाही. दिसतात त्या अकारण धक्के खाणाऱ्या तांबड्या पेशी, आणि जत्रेच्या दाटीत मोठ्यांच्या पायांतून वाट काढणारे पोर जसे माणसांच्या बाजूला सरण्यावरूनच ओळखू यावे, तसा तो त्या धक्क्यांच्या मागाने ओळखू येतो. त्याच्या अंगाच्या कडेने एक पातळ पडदा लाटेसारखा फडफडत असतो. हा सारा जीव एकाच पेशीचा. परंतु अंगरख्याच्या बाबतीत तो कोणत्याही बहुरूप्याला हार जाणार नाही. एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीने विणून त्याचा अंगरखा झालेला असतो. घोड्याच्या शरीराने तो अंगरखा ओळखून त्यावर मारा सुरू केला की बहुतेक ट्रिपॅनोसोम मरतात आणि ताप उतरतो. पण त्यांतील चार-दोघांनी तोपर्यंत निराळ्या प्रथिनाचा अंगरखा चढविलेला असतो, त्यांची प्रजा वाढते, आणि ताप पुन्हा भरतो.

याचे आप्त आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या पोटात वाढतात आणि माणसाला निद्रारोग जडवितात. आपल्याकडील ट्रिपॅनोसोमाने मात्र त्या माशीत राहण्यास लागणारी आनुवंशिक सामग्री वाटेत कोठेतरी गमाविली, आणि ज्या जनावरांना डसताना घोडमाशीला शेपटीचा फटकारा बसतो, म्हणून ती अर्धवट रक्त पिऊन लगेच शेजारच्या जनावरावर बसते, त्या जनावरांच्या दाटीवर त्याने आपला संसार थाटला. माशीच्या सोंडेला माखलेले ओले रक्त एवढेच त्याचे वाहन. पाचपन्नास घोडी एका दावणीला बांधलेली असली की त्याचे काम भागते.

मग त्याच दावणीत दिवसरात्र वावरणाऱ्या मोतद्दाराला सर्रा का होत नाही? माशी माणसालाही डसते, आणि ट्रिपॅनोसोमाला अन्नाची निवड फारशी नसते. याचे उत्तर आपल्या रक्तरसातील एपीओएल-१ या प्रथिनात सापडले. ट्रिपॅनोसोमाला जगण्यास जे लोहयुक्त द्रव्य लागते, ते मिळविण्यासाठी तो रक्तात फुटून वाहणारे हिमोग्लोबिन कणाकणाने गिळतो. माणसाच्या रक्तात त्याच घासाबरोबर हे प्रथिनही त्याच्या पोटी जाते, आणि दुर्योधनाने भीमाला चारलेल्या विषान्नाप्रमाणे आत शिरून आपला प्रभाव दाखविते. पेशीतील पचनाच्या पिशवीच्या भिंतीला ते छिद्रे पाडते, पाणी आत शिरते, आणि ट्रिपॅनोसोम फुगून फुटतो. येथे भीमाप्रमाणे नागलोकातून वाचून येणे नाही.

या संरक्षणाची किंमत काय ते कळावयास २००४ साल उजाडावे लागले, आणि ती कळली महाराष्ट्रातच. चंद्रपूर जिल्ह्यातील शिवणी गावच्या एका शेतकऱ्याला महिनोन् महिने राहून राहून ताप येत होता; हिवताप म्हणून त्याचे रक्त तपासले असता त्यात हिवतापाचे जंतू न सापडता वळवळणारे ट्रिपॅनोसोम सापडले. नागपूरच्या वैद्यांनी तो एव्हन्सचाच जीव असल्याचे निश्चित केले, सुरामिन हे पहिल्या महायुद्धाच्या काळातील जर्मन औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळवून त्याला दिले, आणि तो बरा झाला. गावातील अठराशेंवर लोकांचे रक्त तपासले, तरी आणखी कोणाच्याही रक्तात तो जीव दिसला नाही. पुढे २००६ साली उलगडा झाला: एपीओएल-१ च्या जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती या माणसात बिघडलेल्या होत्या, त्यामुळे त्याच्या रक्तात ते प्रथिन मुळीच नव्हते. जी ढाल आपणा सर्वांच्या अंगावर जन्मतः असते आणि जिची आपल्याला जाणीवही नसते, ती एकाच्या अंगावर नसल्यामुळे सर्वांना दिसली.

येथे थोडे आडवळण घेतो. शाळेच्या पुस्तकात आपण अमीबा, पॅरामीशियम, ट्रिपॅनोसोम, हिवतापाचा प्लाझमोडियम अशा सर्वांना आदिजीव या एकाच सदराखाली पाठ केले. जुन्या दप्तरखान्यात ज्या कागदांचे वर्गीकरण लागत नाही ते एकाच रुमालात बांधून वर 'किरकोळ' असे लिहून ठेवावे, त्यातलाच हा प्रकार होता. आता तो रुमाल सोडला असता असे आढळते की माणूस आणि अळंबी यांच्यात जितके अंतर आहे, त्याहून ट्रिपॅनोसोम व प्लाझमोडियम एकमेकांपासून दूर आहेत. ट्रिपॅनोसोमाचे नाते डबक्याच्या हिरव्या युग्लिनाशी जुळते. आणि प्लाझमोडियमच्या पेशीत तर एका जुन्या शैवालाच्या हरितलवकाचा अवशेष अजून शिल्लक आहे, म्हणजे जो आज आपले रक्त खातो त्याचे पूर्वज कधीकाळी उन्हावर जगत होते. मला हे फार विलक्षण वाटते.

आता तापीकाठ सोडून उत्तरेस सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत जावे. डोंगरउतारावर विखुरलेली भिल्ल व पावरा यांची घरे, त्यांच्या खालून वाहणारे ओढे, आणि पावसाळ्यानंतर त्या ओढ्यांच्या संथ कडांना अंडी घालणारी अॅनॉफिलिस डासाची मादी, ही येथील हिवतापाची जुनी मांडणी. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते, असे पाडे आजही आहेत. हिवतापाच्या कर्मचाऱ्याने बोटाला सुई टोचून काचपट्टीवर घेतलेले रक्त जसवंतसिंग व भट्टाचार्य यांनी १९४४ साली तयार केलेल्या रंजकाने रंगविले, की तांबड्या पेशीच्या आत निळी नाजूक अंगठी आणि तिच्यावर खड्यासारखा तांबडा ठिपका दिसतो: तो प्लाझमोडियम. ट्रिपॅनोसोम रक्तरसात पोहतो. हा पेशीच्या आत शिरून घर करतो, तेथील हिमोग्लोबिन पचवितो, पचनातून उरलेल्या विषारी लोहद्रव्याचे तपकिरी स्फटिक बाजूला रचून ठेवतो, आणि सामान्यतः अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फोडून त्याची पिले बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी भरते.

अशा चोराविरुद्ध रक्तरसात विष मिसळून भागत नाही. घराचीच बांधणी बदलावी लागते. हिमोग्लोबिनाच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हा बदल आई वा बाप यांपैकी एकाकडूनच आला असेल, तर माणूस एरवी धडधाकट असतो; पण प्लाझमोडियम शिरलेली त्याची पेशी वाकते, जंतूची वाढ खुंटते, आणि प्लीहा तिला जंतूसकट गिळून टाकते. १९५४ साली ॲलिसन याने आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हे संरक्षण दाखवून दिले. पुढील अभ्यासांत, अशा वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून शेकडा नव्वदच्या आसपास संरक्षण मिळते, असे आढळले. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत असे वाहक शंभरांत वीसच्या घरात असल्याचे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्या पाहण्यांतून पुढे आले.

१६७० साली खानदेशातील गावांनी लूट टाळण्यासाठी मराठ्यांना चौथाई देण्याचे लिहून दिले, अशी नोंद इतिहासात आहे. सातपुड्यातील रक्तानेही हिवतापाशी असाच व्यवहार केला, आणि येथे चौथाई हा शब्द निव्वळ उपमेपुरता उरत नाही; कारण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा बदल दोन्हीकडून मिळण्याचा संभव बरोबर चारात एक असतो. त्या मुलाला सिकलसेलचा आजार होतो. सांधे व हाडे यांत उठणाऱ्या असह्य वेदना, रक्ताची कायमची तूट, लहानपणीच निकामी होणारी प्लीहा हे त्याच्या वाट्याला येते, आणि ज्या हिवतापासाठी ही वसुली झाली, त्याच्यापासूनही त्याला संरक्षण मिळत नाही. उलट हिवताप त्याला अधिकच घातक ठरतो. मुघलांचा अंमल गेला आणि मराठ्यांचाही गेला, तशी खंडणीही गेली. पण हिवताप ओसरला म्हणून रक्तातील चौथाई आपोआप माफ होत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या वसूल होत राहते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही १ जुलैलाच, २०२३ साली सुरू झाली. हा निव्वळ योगायोग आहे, पण जिल्ह्याच्या दृष्टीने लक्षात राहण्याजोगा.

एका प्रयोगशाळेत या रक्ताची जुनी चाचणी मी पाहिली. बोटातून घेतलेला थेंब काचपट्टीवर ठेवून त्यात प्राणवायू शोषून घेणारे रसायन मिसळले, वर पातळ काच ठेवली, आणि तिच्या चारही कडा व्हॅसलिनने बंद केल्या. प्रथम सर्व पेशी गोल होत्या, निरोगी माणसाच्या असाव्यात तशाच. तंत्रज्ञ चहा पिऊन परत आला, तेव्हा एका कडेपासून पेशी लांबट होऊ लागल्या होत्या; आणखी थोड्या वेळाने क्षेत्रभर टोकदार विळेच विळे दिसत होते. ज्याचे ते रक्त होते तो विशीतला पोरगा बाहेरच्या बाकावर बसला होता, त्याला काहीही होत नव्हते, आणि येत्या वैशाखात त्याचे लग्न ठरले होते. तंत्रज्ञाने नोंदवहीत त्याचे नाव लिहिले, आणि बाहेर जाऊन त्याला विचारले, "पोरीचं रक्त तपासलंय का?"