गृहपाठाची बाकी

दसरा उलटला की गुजरीत गिऱ्हाइकांची रीघ लागते आणि लक्ष्मीपुरीत पोत्यांची चढउतार रात्रीपर्यंत चालते. शाळांच्या सत्र परीक्षा आणि प्रयोगवह्या देण्याच्या तारखाही याच सुमारास येतात. व्यापारी घरातील आठवी-नववीचा मुलगा तेव्हा संध्याकाळी गल्ल्यावर बसलेला दिसतो. मुलगा तयार होतो आहे, म्हणून वडील समाधानी असतात. दुकानात बसल्याने व्यवहार कळतो, हे खरेच. परंतु नकोसा गृहपाठ टाळण्यास दुकानाइतके प्रतिष्ठित निमित्त दुसरे नाही, हे मुलाच्याही लवकर ध्यानात येते.

श्रमाने शिक्षण बिघडते, असे मुळीच नाही. याच जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, ते मुलांनी कष्ट करून शिकावे म्हणूनच. घोटाळा होतो तो अभ्यासाला स्वतःची वेळ नसल्यामुळे.

तत्त्वार्थसूत्राने बंधाची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत मिथ्यादर्शन व अविरती यांच्यानंतर प्रमाद येतो. चालढकल हे त्याचेच घरगुती रूप होय. पण तिला सरसकट आळस म्हणून मोकळे होऊ नये. गणित जमत नाही म्हणून वही उघडली जात नाही, आणि वही उघडली जात नाही म्हणून गणित अधिकच परके होते. अशा मुलाला रागावण्यापेक्षा शेजारी बसून पहिले उदाहरण सोडवून घेणे अधिक उपयोगाचे.

रोजकीर्द त्याच दिवशी लिहिली तर थोडक्यात आटोपते. आठवडाभर राहिली तर कोणती रक्कम कोणाची, हे आठवण्यातच दुपार जाते. सोमवारी शिकवलेला धडाही सोमवारी ताजा असतो. रविवारी तो आधी पुन्हा वाचावा लागतो, म्हणजे थकलेल्या कामावर व्याजही चढते.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना येथे मोठी सोय आहे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास जेवण आटोपले की झोपेपर्यंतची संध्याकाळ सलग मिळते. सामायिकाची ४८ मिनिटांची बैठकही या घरांत परिचित आहे. अभ्यासाला सामायिकाची उपमा काहींना खटकेल. येथे घ्यायची ती केवळ मर्यादा. तेवढ्या वेळात मोबाईल नाही, उठबस नाही, दुकानातून हाक नाही. पहिल्या बैठकीत सर्वांत अवघड विषय घ्यावा, दुसरीत लेखनाचे सोपे काम. दोन्ही मिळून ९६ मिनिटे होतात. प्रयोगवहीचे बारा प्रयोग उरले असतील, तर रोज एक याप्रमाणे बारा दिवसांत वाटून वहीच्या पहिल्या पानावर तारखा घालाव्यात.

इतके करूनही काम उरत असेल, तर दोष मुलाचा नसेल. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीस आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवीस रोज एक तास आणि त्यापुढे रोज दोन तासांपर्यंत असावा, असे सुचविले आहे. पंधरा दिवस विषयवार मिनिटे टिपून ठेवावीत आणि ते टिपण घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. हिशेब समोर असला की बोलणे नेमके होते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. मात्र त्या भेटीला आईला एकटीला न पाठवता वडिलांनीही दुकान तासभर दुसऱ्यावर सोपवून जावे.