नवी आवृत्ती आणि कोरा पडदा

एका गृहस्थाचे उदाहरण घेऊ. गेली आठ वर्षे ते आपल्या ब्लॉगवर लिहीत आले आहेत. गावच्या जुन्या चालीरीती, आजीच्या तोंडची गाणी, नातलगांच्या लग्नांची छायाचित्रे, परलोकवासी झालेल्या वडिलांच्या आठवणी, असे सारे त्यांनी तेथे साठविले आहे. एके दिवशी संध्याकाळी ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ अशी सूचना त्यांना दिसते. ते कळ दाबतात, क्षणभर चाक फिरते आणि पुढे केवळ पांढरा पडदा! ना अक्षर, ना चित्र. आठ वर्षांचे लेखन एका क्षणात बुडाले, या कल्पनेने त्यांच्या काळजात धस्स होते.

वाचकहो, अशा प्रसंगी खरा धोका त्या पांढऱ्या पडद्याचा नसतो; तो त्यानंतर घाबरून केलेल्या कृतीचा असतो. ‘सगळे पुसून टाकू आणि नव्याने बसवू’ असा विचार या घाईत मनात येतो, आणि जे लेखन तोवर सुरक्षित होते ते खरोखरच नाहीसे होण्याची वेळ येते. म्हणून आधी आपले लेखन कोठे असते हे समजून घेऊ.

ब्लॉगसाठी वर्डप्रेस नावाचे सॉफ्टवेअर पुष्कळ लोक वापरतात. त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी निघाली. ते स्वतः बसवून घेतलेल्या ब्लॉगाचे तीन भाग मानता येतात. पहिला, वर्डप्रेसचे मूळ सॉफ्टवेअर. दुसरा, आपण वरून जोडलेली उपकरणे, म्हणजे प्लगइन, आणि ब्लॉगाला रंगरूप देणारी थीम. तिसरा, आपला स्वतःचा ठेवा: लेख डेटाबेसमध्ये असतात आणि छायाचित्रे ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. नवी आवृत्ती येते तेव्हा मुख्यतः पहिला भाग बदलतो. घराची कौले बदलताना पेटीतील कागदपत्रांना कोणी हात लावीत नाही, तसेच हे आहे. मात्र मोठ्या आवृत्त्या कधीकधी डेटाबेसच्या मांडणीतही फेरबदल करतात. म्हणूनच आधी नक्कल काढून ठेवणे शहाणपणाचे, त्याविषयी पुढे सांगतो.

मग बिघाड होतो कशामुळे? बहुधा मूळ सॉफ्टवेअर पुढे जाते आणि जोडलेली उपकरणे मागे राहतात, यामुळे. ६ डिसेंबर २०१८ रोजी आलेल्या ५.० या आवृत्तीने लेख लिहिण्याचा जुना फलक बदलून नवा आणला. पंधराव्या शतकातील मुद्रक गुटेनबर्ग यांचेच नाव त्या नव्या फलकाला देण्यात आले होते. जुन्या फलकावर विसंबलेली काही प्लगइने त्या वेळी अडखळली. ज्यांना जुनाच फलक हवा होता त्यांच्यासाठी ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन देण्यात आले. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या ५.५ या आवृत्तीत ‘जेक्वेरी मायग्रेट’ नावाचा जुना दुवा आपोआप जोडला जाईनासा झाला. त्याबरोबर अनेक ठिकाणी सरकती चित्रे थांबली आणि विषयसूची उघडेनाशा झाल्या. तोही दुवा पुन्हा जोडून देणारे प्लगइन लवकरच निघाले. दोन्ही वेळा लेखन जागच्या जागी होते. बिघडले होते ते त्याच्या भोवतालचे साहित्य.

आता शोधाचा क्रम पाहू. ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ अशा अर्थाचा मजकूर दिसत असेल, तर दहा मिनिटे स्वस्थ बसावे. नवी आवृत्ती बसविताना वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये ‘मेंटेनन्स’ नावाची एक तात्पुरती फाइल ठेवते. काम अर्धवट राहिले तर ती तशीच राहू शकते. ती काढून टाकली की दार उघडते. तिच्या नावाच्या आरंभी टिंब असल्याने ती सहसा लपलेली असते, म्हणून लपलेल्या फाइली दाखविण्याची सोय आधी चालू करावी लागते.

पडदा कोराच असेल, तर दुसऱ्या एखाद्या फोनवरून ब्लॉग उघडून पाहावा. कित्येकदा आपल्याच ब्राउझरने साठविलेली जुनी प्रत आपल्याला फसविते. त्यानंतर आपली ईमेलची पेटी पाहावी. मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून, गंभीर बिघाड झाल्यास वर्डप्रेस ब्लॉगाच्या व्यवस्थापकास ईमेल पाठविते. त्यात कोणत्या प्लगइनमुळे किंवा थीममुळे अडले हे बहुधा लिहिलेले असते आणि दुरुस्तीपुरते आत शिरण्याचा दुवाही असतो. लोक सारे जग धुंडाळतात. दारी आलेले पत्र मात्र उघडीत नाहीत!

पत्र आले नाही आणि आतही जाता येत नाही, असे झाले तर ज्या कंपनीच्या यंत्रावर ब्लॉग ठेवला आहे तिच्या फाइल व्यवस्थापकात जावे. तेथे ‘डब्ल्यूपी-कॉन्टेंट’ या फोल्डरमध्ये ‘प्लगइन्स’ नावाचे फोल्डर असते. ते पुसू नये, केवळ त्याचे नाव बदलावे. तेवढ्याने सारी प्लगइने थांबतात. ब्लॉग उघडला, तर अपराधी त्यांच्यातच आहे असे समजावे. मग आत शिरून प्लगइनांची यादी एकदा उघडावी, फोल्डरला मूळ नाव परत द्यावे आणि एकेक प्लगइन चालू करीत जावे. ज्याच्यापाशी पडदा पुन्हा कोरा होईल तेच दोषी. या वेळी एक नियम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच बदल करावा व तो कागदावर लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर ब्लॉग चालू झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही.

मुखपृष्ठ उघडते, परंतु प्रत्येक लेखावर ‘पृष्ठ सापडत नाही’ असे येते, ही तक्रारही नेहमीची. अशा वेळी सेटिंग्जमधील ‘परमालिंक’ या पानावर जाऊन, काहीही न बदलता, फक्त ‘जतन करा’ ही कळ दाबावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. कधी तर वर्डप्रेसचा काही दोषच नसतो. त्याच दिवसांत त्या कंपनीने पीएचपी या भाषेची आवृत्ती बदललेली असते आणि जुने प्लगइन तिच्याशी जुळत नाही.

जाणकाराचे साहाय्य घ्यावयाचे झाले, तर ‘ब्लॉग बिघडला’ एवढेच सांगू नये. डॉक्टरांना नुसते ‘बरे नाही’ म्हणून भागत नाही. कोणती आवृत्ती होती, कोणती झाली, शेवटी काय बदलले आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे जसेच्या तसे कळवावे.

एवढी यातायात नको, म्हणून जुनीच आवृत्ती चालू ठेवावी असे कोणास वाटेल. परंतु जुन्या आवृत्तीतील उणिवा प्रसिद्ध झालेल्या असतात आणि चोरांनाही त्या ठाऊक होतात. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप बसविल्या जातात, त्या याचसाठी. तेव्हा नवी आवृत्ती घ्यावी, पण आधी नक्कल काढावी: डेटाबेसची आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्टेंट’ फोल्डरची, दोहोंची. ती त्याच यंत्रावर न ठेवता घरच्या संगणकावर ठेवावी. ती उपयोगी पडते की नाही हेही एकदा पडताळून पाहावे. आणि हे काम रात्री झोपण्यापूर्वी नव्हे, तर सवड असेल अशा दिवशी सकाळी करावे.

आरंभी सांगितलेल्या त्या गृहस्थांनी थोडा वेळ हात आवरला आणि ईमेलची पेटी उघडली, तर छायाचित्रे मांडणारे एखादे जुने प्लगइन दोषी आहे, एवढेच त्यांना कळेल. ते थांबविताच पडदा उजळेल आणि वडिलांच्या आठवणी जेथे होत्या तेथेच सापडतील.